कड्यातला पाहुणा

४ ऑगस्ट, सांगली

टी.वाय.च्या बॅचला आज अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रयोग दाखवला. बीकरमध्ये पाणी, त्यात किंचित धुण्याचा सोडा आणि फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब. टायट्रेशन करून करून मुलांच्या ओळखीचा झालेला तो गडद गुलाबी रंग आला. मग बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची पांढरी पूड थोडी थोडी टाकून ढवळत राहिले. रंग फिका होत गेला आणि पाणी जवळजवळ स्वच्छ झालं.

"मॅडम, यात ॲसिड आहे का?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. शंका अगदी रास्त. पीएच पेपर बुडवून दाखवला, द्रावण अजून अल्कधर्मीच होतं. बीकर बर्नरवर धरला, गुलाबी रंग परत आला. नळाखाली गार केला, पुन्हा गेला. शेवटी गार द्रावणातच ॲडमँटेन-कार्बॉक्सिलिक आम्लाचा सोडियम क्षार टाकला आणि रंग हळूहळू वर येऊ लागला. मागच्या बाकांवरची मुलं उठून टेबलाभोवती जमली.

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या घटकांचं बंद कडं. बीटामध्ये असे सात घटक असतात. आकार बूड नसलेल्या बादलीसारखा, एक तोंड रुंद आणि दुसरं अरुंद. दोन्ही काठांवर पाण्याशी सख्य असलेले हायड्रॉक्सिल गट आणि आतल्या भिंतीला मुख्यतः कार्बनला जोडलेले हायड्रोजन. म्हणून हा रेणू पाण्यात विरघळतो, पण त्याच्या पोकळीत पाणी नाइलाजाने राहतं. मापात बसणारा, तेलकट स्वभावाचा रेणू जवळ आला की आतलं पाणी बाहेर पडतं आणि तो आत शिरतो. फिनॉल्फ्थॅलीन आत शिरलं की त्याला रंग देणारी सपाट मांडणी सोडून रंगहीन मांडणी घ्यावी लागते. उष्णतेने पकड सुटते. ॲडमँटेनचा गोलसर रेणू मात्र बीटाच्या पोकळीत इतका नेमका बसतो की तो फिनॉल्फ्थॅलीनची जागा घेतो आणि ते बाहेर येतं.

या जोडीला रसायनशास्त्रात यजमान आणि पाहुणा म्हणतात. दोघांत एकही सहसंयुज बंध होत नाही. तीन वर्षं आपण मुलांना बंध कसे जुळतात आणि तुटतात एवढंच शिकवतो. बंध न जुळवताही रेणू एकमेकांना धरतात, निवडून धरतात आणि सोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

६ ऑगस्ट

कालपासून मुलं विचारताहेत, हे कडं कुणी बनवलं? जिवाणूंनी, हे खरं उत्तर.

१८९१ साली फ्रान्समध्ये अंत्वान व्हिलिये यांनी स्टार्चवर जिवाणू सोडले, तेव्हा १००० ग्रॅम स्टार्चमागे जेमतेम ३ ग्रॅम स्फटिक त्यांच्या हाती लागले. आम्लाला सहज दाद न देणारा हा पदार्थ त्यांना सेल्युलोजसारखा वाटला, म्हणून त्यांनी नाव दिलं सेल्युलोसिन. पुढे व्हिएन्नात फ्रान्झ शार्डिंगर अन्नविषबाधेचा अभ्यास करत होते. अन्न शिजवूनही जगणारे जिवाणू कोणते, हा त्यांचा प्रश्न. अशा एका जिवाणूने स्टार्चमधून दोन प्रकारचे स्फटिक बनवले. शार्डिंगरनी आयोडीन टाकून ते वेगळे ओळखले: एकाचा पातळ थर ओला असताना निळा आणि सुकला की करडा-हिरवट, दुसऱ्याचा तांबूस तपकिरी. अल्फा आणि बीटा ही नावं त्यांचीच. १९०३ ते १९११ या काळात विषबाधेवर काम करणाऱ्या माणसाने इतकं पाहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही कडी आहेत हे सिद्ध व्हायला आणखी काही दशकं गेली. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग आणि क्रामर यांनी ते काम केलं, आठ घटकांचा गॅमाही समोर आला आणि १९५३ मध्ये औषधं या कड्यांत बसवण्याचं पेटंटही घेतलं गेलं. तरी कारखाने पुढे आले नाहीत. उत्पादन महाग होतंच, त्यात १९५७ च्या एका आढाव्यात बीटा खाल्लेले उंदीर मेल्याची नोंद आली आणि बरीच वर्षं सगळे बिचकले. तोंडावाटे घेतल्यास हा पदार्थ निरुपद्रवी आहे हे नीट तपासून दाखवण्यात आणि त्याचा उद्योग उभा करण्यात जपानी संशोधकांचा आणि हंगेरीच्या योझेफ सेइत्ली यांचा मोठा वाटा.

अल्फात सहा घटक, पोकळीचा व्यास साधारण ५ अँग्स्ट्रॉम. बीटात सात, सहाच्या थोडा वर. गॅमात आठ, सुमारे ८. पाण्यात विरघळण्याचं गणित मात्र या क्रमाने जात नाही. लिटरभर पाण्यात अल्फा १४५ ग्रॅम विरघळतो, गॅमा २३२ ग्रॅम आणि मधला बीटा फक्त साडेअठरा. बीटाच्या रुंद काठावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांनाच हायड्रोजन-बंधांनी धरून पट्टा तयार करतात, पाण्यासाठी हात मोकळे राहत नाहीत. पुढे औषधांच्या बाबतीत या एका दोषाने बरंच काही घडवलं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सुट्टी. नारळीभात झाला आणि दुपारी हळदीवर वाचत बसले. सांगलीत राहून हळद टाळता येत नाही. मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची पेवं, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, हे सगळं आमच्या गावाच्या बोलण्यात सतत असतं. हळदीतल्या कुर्क्युमिनचं मात्र एक मोठं दुखणं आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि किंचित अल्कधर्मी पाण्यात गेलं तर काही मिनिटांत मोडू लागतं. गोळ्यांच्या जाहिरातीत हळदीचे जे गुण सांगतात, त्यातलं बरंचसं इथेच अडतं. पोटात गेलेलं कुर्क्युमिन रक्तापर्यंत फारच थोडं पोचतं.

२००२ साली नॉर्वेच्या टेनेसेन आणि आइसलँडच्या लॉफ्टसन यांच्या गटाने ते सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बसवलं. विद्राव्यता किमान दहा हजार पटींनी वाढली. पाण्यामुळे मोडण्याचा वेगही मंदावला. पण त्याच अभ्यासात एक उलटी गोष्टही निघाली: उजेडात हे कड्यातलं कुर्क्युमिन मोकळ्या कुर्क्युमिनपेक्षा लवकर खराब होत होतं. ही ओळ मी वहीत ठळक लिहून ठेवली आहे. कड्यात बसवलं म्हणजे रेणू सुरक्षित झाला असं सरसकट मानायचं कारण नाही. कशापासून सुरक्षित, हे दर वेळी तपासावं लागतं. आज बाजारात गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनमधलं कुर्क्युमिन पूरक आहार म्हणून मिळतं. रक्तात जास्त पोचतं एवढं त्याबद्दल म्हणता येईल. त्याने कुठला आजार बरा होतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला पुरावाही वेगळा लागेल.

१३ ऑगस्ट

जिवाणूंची कडी झाली, आता माणसाने बनवलेली: चार्ल्स पेडरसन यांच्यावर उद्या वर्गात बोलायचं आहे. टिपणं काढता काढता रात्रीचे अकरा वाजले. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

१९०४ मध्ये कोरियातल्या बुसान इथे जन्म. वडील नॉर्वेचे, जहाजावरचे इंजिनिअर, आई जपानी. आठव्या वर्षी शिक्षणासाठी नागासाकीला, मग योकोहामाला, मग अमेरिकेत. एमआयटीतून मास्टर्स केलं आणि पीएच.डी. न करता १९२७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत लागले ते निवृत्तीपर्यंत, ४२ वर्षं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा त्यांचा तो प्रयोग. व्हॅनेडियमला धरून ठेवेल असा एक रेणू त्यांना हवा होता. त्यासाठी कॅटेकॉलच्या दोन हायड्रॉक्सिल-हातांपैकी एक झाकून घेतला होता, पण त्या मालात सुमारे १० टक्के कॅटेकॉल दोन्ही हात उघडे असलेलं राहिलं होतं. हे माहीत असूनही त्यांनी प्रयोग पुढे नेला. हाती आला तपकिरी, चिकट राडा. तो साफ करताना रेशमासारखे तंतुमय पांढरे स्फटिक थोडेसे निघाले. उतारा फक्त ०.४ टक्के.

इथे बहुतेक जणांनी ते टाकून दिलं असतं. पेडरसन तपासत बसले. हे स्फटिक मिथेनॉलमध्ये फारसे विरघळत नव्हते, कॉस्टिक सोडा टाकला की विरघळत. अतिनील वर्णपटही सोडा टाकल्यावर बदलत होता. आता कुणीही म्हणेल, फिनॉल असेल, अल्कलीशी क्रिया झाली असेल. पण या रेणूत मोकळा फिनॉल गटच नव्हता. मग त्यांनी अल्कली नसलेले सोडियमचे साधे क्षार टाकून पाहिले, परिणाम तोच. म्हणजे काम अल्कलीचं नव्हतं, सोडियमचं होतं. रेणुभार मोजला तर अपेक्षेच्या बरोबर दुप्पट, ३६०. तेव्हा उलगडलं: अठरा अणूंचं मोठं कडं, त्यात सहा ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून बसलेले, आणि मधल्या भोकात सोडियमचा आयन.

सोडियम-पोटॅशियमला कुठलाही विद्युतभार नसलेला रेणू असा पकडून ठेवतो, हे तेव्हाच्या रसायनशास्त्रात बसणारं नव्हतं. त्यानंतर पेडरसन वेगवेगळ्या मापांची कडी करत राहिले आणि कोणत्या कड्यात कोणता आयन बसतो ते मोजत राहिले. अठरा अणूंच्या कड्याचं भोक २.६ ते ३.२ अँग्स्ट्रॉम, पोटॅशियमच्या आयनाचा व्यास २.६६, म्हणून त्यांचं चांगलं जमतं. बेंझिनमध्ये अजिबात न विरघळणारं पोटॅशियम परमँगनेट या कड्यासोबत बेंझिनमध्ये उतरतं आणि बेंझिन जांभळं होतं. आयनाच्या माथ्यावर हा रेणू मुकुटासारखा बसतो, म्हणून त्यांनी या कुळाला क्राउन ईथर म्हटलं. लेख आला १९६७ मध्ये. १९८७ चं नोबेल डोनाल्ड क्रॅम आणि जाँ-मारी लेन यांच्याबरोबर मिळालं तेव्हा पेडरसन ८३ वर्षांचे होते.

उद्या मुलांना यातलं नोबेल सांगण्याआधी ते ०.४ टक्के सांगायचं ठरवलं आहे.

१४ ऑगस्ट

आजच्या तासात लेन यांच्याबद्दल सांगायला वेळ कमी पडला. त्यांनी सपाट कड्याऐवजी तिन्ही बाजूंनी वेढणारा पिंजरा केला. पोटॅशियमवरची पकड त्यामुळे हजारो पटींनी वाढली. क्रॅम यांचा आग्रह असा की पाहुणा यायच्या आधीच यजमानाची पोकळी तयार, ताठ असावी, म्हणजे त्याला स्वतःला वळवण्यात ऊर्जा घालवावी लागत नाही. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने सायक्लोब्युटाडाईन अशा एका बंद पोकळीत तयार केलं. हा रेणू मोकळा असला तर दुसऱ्या रेणूशी गाठ पडताच संपतो. पोकळीत तो खोलीच्या तापमानाला टिकला.

१७ ऑगस्ट, रविवार

कपाट आवरताना दादाच्या एप्रिल २०२१ मधल्या कोविडच्या आजारपणाची फाइल निघाली. त्यात रेमडेसिव्हिरच्या कुपीचं रिकामं खोकं आहे. तेव्हा त्यासाठी आम्ही रात्री-अपरात्री किती दुकानांच्या दारात उभे होतो, आणि एका दलालाने कोणता भाव सांगितला होता, ते घरात कुणी आता बोलत नाही. आज खोक्यावरची घटकांची यादी पहिल्यांदा शांतपणे वाचली.

औषध १०० मिलिग्रॅम. आणि त्याच्या सोबत बीटाडेक्स सल्फोब्युटिल ईथर सोडियम. पूड स्वरूपातल्या या कुपीत तो ३ ग्रॅम असतो, औषधाच्या तीसपट. म्हणजे त्या कुपीत डोळ्यांना दिसणारी पूड जवळपास सगळी सायक्लोडेक्स्ट्रिनच. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅमचा डोस म्हणजे ६ ग्रॅम कडी शिरेतून आत जात होती.

रेमडेसिव्हिर पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि शिरेत द्यायचं तर विरघळलंच पाहिजे. साधा बीटा इथे चालत नाही. तो स्वतःच कमी विरघळतो आणि टोचून दिला तर मूत्रपिंडात साचून इजा करतो. कॅन्सस विद्यापीठात व्हॅलेंटिनो स्टेला यांच्या गटाने त्याच्या काठावर टोकाला ऋण भार असलेले सल्फोब्युटिलचे हात लावले. हायड्रोजन-बंधांचा तो पट्टा तुटला, विद्राव्यता कितीतरी वाढली आणि मूत्रपिंडावरचा धोका घटला. व्होरिकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनमध्येही हेच कडं असतं.

रक्तात गेल्यावर पकड सुटते कशी? पकड बेताची असते म्हणून. कुपीतल्या थोड्या पाण्यात कडी दाटीने असतात, रक्तात गेली की पांगतात आणि औषध मोकळं होतं. कडं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. हे कळल्यावर तेव्हाची एक गोष्ट आज नीट उमगली. दादाच्या शेजारच्या खाटेवरच्या काकांचं क्रिएटिनिन वाढलं होतं आणि डॉक्टर त्यांना हे औषध द्यायला कचरत होते. मूत्रपिंड काम करत नसेल तर कडं शरीरात साठत जातं, ही त्या काळजीमागची एक मोठी बाजू होती. पुढे अनुभव आणि माहिती जमा झाल्यावर, २०२३ मध्ये, मूत्रपिंड गंभीरपणे निकामी असलेल्या रुग्णांनाही डोस न बदलता ते द्यायला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली.

औषधाच्या जोडीला असलेल्या पदार्थांना आपण निष्क्रिय म्हणतो. तीस पट वजनाच्या आणि मूत्रपिंडाचा प्रश्न उभा करणाऱ्या घटकाला तो शब्द लावणं मला पटत नाही.

२१ ऑगस्ट

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आज वर्गाशी ऑनलाइन गप्पा मारल्या. त्याचा विषय किरणोत्सारी कचरा. भाभा अणुसंशोधन केंद्रात ट्रॉम्बेला सिझियम-१३७ या कचऱ्यातून वेगळं काढतात, त्यात कॅलिक्स-क्राउन नावाचं कडं वापरतात. चार बेंझिन-कड्यांचा कॅलिक्सारीन आणि त्याच्या माथ्यावर पेडरसनच्या घराण्यातला क्राउन, असा जोड रेणू. सिझियमचा मोठा आयन क्राउनच्या ऑक्सिजनांमध्ये बसतो आणि खालची बेंझिन-कडी त्याला टेकू देतात. सोडियमचा आयन लहान, तो त्या जागेत नीट धरला जात नाही. कचऱ्यात नायट्रिक आम्ल भरपूर आणि सोडियमही भरपूर, तरी सिझियमच निवडलं जातं. मग तेच द्रावण अगदी विरळ आम्लाशी घुसळलं की कडं सिझियम सोडून देतं आणि पुन्हा वापरायला मोकळं होतं.

सिझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं. काढलेल्या सिझियमच्या काचेच्या कांड्या बनवतात आणि त्या रक्तपेढ्यांच्या इरेडिएटरमध्ये जातात. दिलेल्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी दुबळ्या रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नयेत म्हणून ते रक्त किरणांखाली धरावं लागतं. काच कशासाठी, हे एका मुलाने विचारलं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या यंत्रातली सिझियम क्लोराइडची पूड लोकांच्या हाती लागली आणि चार जण दगावले. ती पूड पाण्यात विरघळणारी, हाताला चिकटणारी. काचेतलं सिझियम तसं पसरत नाही.

२४ ऑगस्ट, मिरज

वहिनीकडे जेवायला. ती भूलतज्ज्ञ आहे. मी रेमडेसिव्हिरचं सांगायला लागले तर तिने मधेच थांबवलं. "अगं, तुझी ती कडी आम्ही ओटीत रोज वापरतो. आणि आमचं कडं तर सोडतच नाही."

सुगॅमाडेक्स. मी नाव ऐकून होते, काम नीट माहीत नव्हतं. ऑपरेशनसाठी स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम देतात. त्यामुळे श्वासाचे स्नायूही थांबतात, रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. शेवटी ही शिथिलता उतरवावी लागते, त्याला त्यांच्या भाषेत रिव्हर्सल म्हणतात. पूर्वापार औषध निओस्टिग्मिन. ते रोक्युरोनियमला हात लावत नाही, ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम अडवतं. ॲसिटिलकोलिन वाढतं आणि स्नायूवरची जागा रोक्युरोनियमकडून परत मिळवतं. पण ते सगळ्या शरीरात वाढतं, हृदयाची गती मंदावते, लाळ सुटते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं. शिथिलता खोल असेल तर निओस्टिग्मिन पुरं पडत नाही, थोडी ताकद आपोआप परत येईपर्यंत थांबावं लागतं.

वहिनीने माझा हात टेबलावर उताणा ठेवून दाखवलं. मनगटाशी करंगळीच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड, त्यातून अल्नार नसेला लागोपाठ चार हलके झटके. अंगठा चारदा आत ओढला जातो. शिथिलता असली की पहिल्यापेक्षा चौथा झटका दुबळा, आणखी असली की चौथा, तिसरा नाहीसेच. चौथ्याचं पहिल्याशी प्रमाण ०.९ झालं की नळी काढायला हरकत नाही. "पूर्वी त्या अंगठ्याकडे बघत बसायचो," ती म्हणाली. "आता सुगॅमाडेक्स दिलं की दोन-तीन मिनिटांत चारही झटके सारखे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मॉनिटरवर विश्वास बसेना."

रसायनशास्त्राच्या अंगाने ही गोष्ट मला आजवर वाचलेल्यांत सगळ्यांत देखणी वाटते. स्कॉटलंडमध्ये न्यूहाउसच्या ऑर्गॅनॉन प्रयोगशाळेत अँटन बॉम रोक्युरोनियम पाण्यात नीट विरघळवण्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन तपासत होते. एवढी घट्ट पकड असेल तर औषध अडवता येईल, ही कल्पना तिथून आली. रोक्युरोनियम स्टेरॉइड जातीचं, चार कड्यांचा लांबट, ताठ रेणू. अल्फा आणि बीटाची पोकळी त्याला अरुंद, गॅमाची रुंदी बरोबर. पण गॅमाची खोली ७.९ अँग्स्ट्रॉम, पाहुण्यासाठी अपुरी. म्हणून आठही घटकांच्या अरुंद काठाला एकेक लांब हात जोडला आणि पोकळी ११ अँग्स्ट्रॉमपर्यंत खोल केली. हातांच्या टोकाला ऋण भार. त्याने दोन कामं होतात: हात एकमेकांना दूर सारतात, त्यामुळे तोंड मिटत नाही, आणि रोक्युरोनियमच्या धन भाराच्या नायट्रोजनला ते ओढून धरतात. बंधन-स्थिरांक कोटीच्या घरात. रक्तातलं मोकळं रोक्युरोनियम कड्यात गेलं की स्नायूपाशी असलेलं रक्ताकडे उतरू लागतं आणि तेही पकडलं जातं. मग जोडी तशीच मूत्रपिंडावाटे बाहेर.

युरोपात याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत ॲलर्जीच्या शंकेमुळे डिसेंबर २०१५ उजाडला. शंका पोकळ नव्हती. वहिनी म्हणाली, तीव्र ॲलर्जी आणि हृदयाची गती अचानक मंदावणं, या दोन्हींची तयारी ठेवूनच ते देतात. ॲट्राक्युरियम दिलं असेल तर याचा काही उपयोग नाही, त्या रेणूची घडणच वेगळी. आणि महाग आहे. सगळ्या रुग्णांना देता येत नाही, हे सांगताना तिचा आवाज उतरला.

३० ऑगस्ट

गौरी-गणपतीला एका विद्यार्थ्याचे वडील तमिळनाडूतून गावी आलेत, मुलाला सोडायला कॉलेजवर आले होते. घर विट्याकडचं, धंदा गलाईचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी शुद्ध करून देतात. तेजाबाच्या तांबड्या धुराने त्यांना खोकला लागलेला दिसला.

त्यांना मी २०१३ सालचं काम सांगितलं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडार्ट यांच्या प्रयोगशाळेत सोन्याचा एक ब्रोमाइड क्षार अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात मिसळला, तर मिनिटांत तपकिरी सुयांचा साका बसला. हेतू निराळाच होता, हे अनपेक्षित घडलं. अल्फातच घडतं, बीटा-गॅमात नाही. यातून सायनाइड न वापरता सोनं वेगळं काढण्याची पद्धत त्यांनी मांडली. मात्र सोनं आधी हायड्रोब्रोमिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवावंच लागतं, म्हणजे धूर तिथेही आहे. हेही सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, धुराचं काहीतरी काढा आधी." त्यांचं म्हणणं योग्य आहे. मुलाला प्रोजेक्टसाठी तोच विषय दिला आहे: नायट्रोजन डायऑक्साइड शोषून घेणारी स्वस्त सोय. त्यात कडं नसलं तरी चालेल.

३ सप्टेंबर

रात्री वहिनीचा फोन. त्या दिवशी एक सांगायचं राहिलं म्हणाली. सुगॅमाडेक्सचं कडं स्टेरॉइडच्या मापाने घडवलेलं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांतलं प्रोजेस्टोजेनही स्टेरॉइडच. थोडं तेही कड्यात जातं. परिणाम गोळी चुकल्यासारखा. ऑपरेशनच्या आधीच्या कागदांत हे बायकांना कुणी सांगतंच असं नाही, भुलीतून उठताना सांगितलेलं लक्षात राहत नाही.

हे वाचणाऱ्या बायकांसाठी म्हणून लिहून ठेवते. गर्भनिरोधक गोळी, हार्मोनचं इंजेक्शन, इम्प्लांट किंवा योनीत बसवायची हार्मोनची रिंग यांपैकी काही वापरत असाल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि सुगॅमाडेक्स देणार का हे विचारा. दिलं असेल तर पुढचे ७ दिवस निरोधसारखं हार्मोन नसलेलं दुसरं साधनही वापरा. ज्या दिवशी ते दिलं त्या दिवशीची गोळी घेतली असेल, तरीसुद्धा.